घरी काडतुसं भरण्यापेक्षा रायफलला जुळणारा लॉट शोधा: कोकणातल्या नेमबाजासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळ राहणारा, क्लबच्या रेंजवर .२२ बोअरची रायफल आणि घरच्या पडवीत १० मीटर एअर रायफल असा सराव करणारा एक नेमबाज विचारतो: परदेशातले लोक घरी काडतुसं भरतात आणि फॅक्टरीच्या मालाइतकी, कधी त्याहून जास्त अचूकता मिळवतात. आपल्याला तसं काही करता येईल का? एअर रायफलचा स्कोअर दशांश गुणांनी मोजून ६० शॉटना ६१२ च्या आसपास अडकला आहे. पावसाळ्यात तो आणखी घसरतो.

आधी कायद्याचं, कारण त्यात हयगय चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला उत्पादनाचा परवाना लागतो. तुमच्याकडे रायफल बाळगायचा परवाना असला तरी काडतूस तयार करायचा हक्क त्यातून मिळत नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हेही त्यातच येतं. म्हणजे काडतूस भरायचा प्रेससुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. गावाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते, तिच्यात बार भरतात, मग काडतूस का नाही, असं पुष्कळजण विचारतात. ठासणीत बार भरणं हा परवान्यावरची बंदूक वापरण्याचा भाग आहे. काडतूस तयार करणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

तुमच्या .२२ पुरतं बोलायचं तर परदेशातही हा प्रश्न येत नाही. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. पेटवणारं रसायन पितळी पुंगळीच्या पोकळ काठात भरलेलं असतं आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. बदलता येण्यासारखी वेगळी प्रायमर टोपी नसते, म्हणून जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथेही लोक सेंटरफायर (मध्यभागी वेगळी प्रायमर टोपी असलेली) काडतुसं भरतात आणि .२२ विकत घेतात. ऑलिंपिकला जाणारा ५० मीटरचा नेमबाजसुद्धा फॅक्टरीचंच काडतूस वापरतो.

मग घरी भरणाऱ्यांना अचूकता मिळते ती कशामुळे? फॅक्टरीपेक्षा त्यांचं यंत्र चांगलं असतं म्हणून नाही. फॅक्टरीला हजारो रायफलींत चालेल असं काडतूस बनवावं लागतं. घरी भरणारा फक्त एका बॅरलला काय आवडतं ते शोधतो आणि मग तेच पुन्हा पुन्हा, न बदलता देत राहतो. म्हणजे मिळकत जुळवणीची आहे. ही जुळवणी तुम्हाला पूर्ण कायदेशीरपणे, काहीही न भरता करता येते: वेगवेगळे लॉट (लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल) आणून, तपासून, जुळेल तो साठवून. एअर रायफलच्या छऱ्यांत तर याची सोय सगळ्यात जास्त, कारण ४.५ मिमीचा छर्रा वेगवेगळ्या मापांत आणि लॉटमध्ये मिळतो. म्हणून पुढचं बहुतेक उत्तर एअर रायफलचं आहे. .२२ चं शेवटाकडे आहे.

छऱ्याने किती गुण जातात

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा. छऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली की १०.०, म्हणजे छऱ्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीपर्यंत. तिथून मध्याकडे दर पाव मिलिमीटरला दशांश एक गुण वाढतो, आणि केंद्र पाव मिमीच्या आत पडलं तर १०.९. हे पाव मिलिमीटरचं गणित डोक्यात पक्कं ठेवा, बाकी सगळं त्यावरच तोलायचं आहे.

६१२ म्हणजे सरासरी १०.२. याचा अर्थ तुमचे शॉट मध्यापासून सरासरी १.९ मिमीवर पडतात. यात तुमची चूक आणि छऱ्याची चूक दोन्ही आहेत, पण त्या साध्या बेरजेने मिसळत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंजात) आवळलेली रायफल सध्याच्या डबीतल्या दहा छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पसारा, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत ४ मिमी देत असेल आणि तुम्ही दीड मिमी देणारी डबी शोधलीत, तर हात आणि नजर तीच राहूनही ६१२ चा स्कोअर ६२२ च्या आसपास जायला हवा. सध्याची डबी ३ मिमी देत असेल तर ६१७. ५८० मारणाऱ्याला मात्र त्याच ४ मिमीवरून दीडवर येण्याचे पाच-सहा गुणच मिळतील, कारण त्याची स्वतःची चूकच एवढी मोठी असते की छऱ्याची तीत बुडून जाते. त्याने पैसे डब्यांवर घालवू नयेत, ट्रिगर आणि श्वासावर काम करावं. तुमच्या पातळीला मात्र डबी तपासणं नक्की परवडतं.

मापं आणि लॉट

मॅचचे, म्हणजे स्पर्धेचे, छर्रे चपट्या डोक्याचे असतात, म्हणजे कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं. रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाचा त्याहून थोडा हलका. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं डोक्याचं माप छापलेलं असतं. बॅरलच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) डोकं किती घट्ट बसतं ते या मापावर ठरतं. सैल बसलं तर छर्रा बॅरलमध्ये किंचित तिरपा चालतो. फार घट्ट असेल तर वेग कमी-जास्त होतो आणि लोडिंगला अंगठ्याचा जोर लागतो.

पण छापलेल्या मापावर निवड करू नका. व्हर्नियरने ते तपासायच्या फंदातही पडू नका: साध्या व्हर्नियरची अचूकता ०.०२ मिमी, आपल्याला हवा तो फरक ०.०१ मिमीचा, आणि शिसं इतकं मऊ की जबड्यात धरलं तरी दबतं. एकाच कंपनीच्या ४.५० च्या दोन डब्यासुद्धा, साचा वेगळा असेल तर, एकाच बॅरलमधून वेगळ्या लागतात. म्हणून डबीवरचा किंवा तिच्या तळाचा लॉट क्रमांक हीच तिची खरी ओळख. ‘मला अमुक कंपनीचा ४.५० जमतो’ हे वाक्य अपुरं आहे. लॉट सांगितला तर ते पूर्ण होतं.

सुरुवातीला पाच-सहा डब्या पुरेत. दोन चांगल्या मॅच ब्रँडच्या (आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी यांपैकी जे मिळतील ते) ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा डब्या घ्या. एकट्याला खर्च जड वाटला तर क्लबात वाटून घ्या, पण लक्षात असू द्या: तपासणी प्रत्येकाने आपापल्या रायफलवरच करायची. शेजाऱ्याच्या रायफलला आवडलेली डबी तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही, मॉडेल एक असलं तरी.

तपासणी कशी करायची

वाइस असेल तर उत्तम. रायफलची अ‍ॅक्शन (मधली यंत्रणा) किंवा स्टॉक (दस्ता) आवळा, बॅरलला कशाचाही स्पर्श नको. वाइसचं टेबल हललं तर सगळं फुकट, म्हणून लाकडी बाकापेक्षा जमिनीत रोवलेला लोखंडी खांब किंवा जांभ्याच्या चिऱ्यांवर सिमेंटने बसवलेली प्लेट बरी. वाइस नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकून बसून मारा. तेव्हा निकालात तुमची थोडी चूक शिरेल, पण डब्यांची आपापसात तुलना तरी होते. पिशवीत समुद्राची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, पिशवी कायम दमट राहते आणि तिच्यावर टेकलेल्या लोखंडाला आठवड्यात गंज धरतो. नदीची वाळू धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर सरळ तांदूळ भरा.

सुरू करण्याआधी स्टॉकचे स्क्रू, साइटचे स्क्रू आणि हवेचं सिलिंडर घट्ट आहेत का पाहा. बॅरल एकदा फेल्टने (सफाईच्या नमद्याच्या बोळ्याने) कोरडं पुसा आणि पाच-दहा छर्रे नुसते मारून टाका. दर वेळी डबी बदलली की आधीच्या छऱ्याचं शिसं बॅरलमध्ये असतं, म्हणून नव्या डबीचे पहिले आठ छर्रे मोजायचे नाहीत.

आता खरी गोष्ट: पाच-पाच शॉटच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका. एकाच डबीतले, एकाच रायफलचे पाच शॉटचे ग्रुप एकमेकांपासून पाव-एक फरकाने सहज कमी-जास्त येतात, निव्वळ योगायोगाने. एक देखणा ग्रुप आला आणि पन्नास डब्या घेतल्या, ही सगळ्यात महाग चूक आहे. प्रत्येक डबीचे दहा-दहाचे तीन ग्रुप काढा, प्रत्येक ग्रुपला कोरं कार्ड. क्रम असा ठेवा: पहिल्या फेरीत डबी एकपासून सहापर्यंत, दुसऱ्यात सहापासून एकपर्यंत, तिसऱ्यात परत सरळ. नाहीतर होतं काय, की पहिल्या डबीला स्वच्छ बॅरल आणि भरलेलं सिलिंडर मिळतं, शेवटच्या डबीला मळलेलं बॅरल आणि दमलेले तुम्ही, आणि आपण दोष डबीला देतो. प्रत्येक वेळी आठ सोडून दिलेले धरले तर सव्वातीनशे छर्रे आणि एक पूर्ण सकाळ लागते.

मोजताना ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं सगळ्यात मोठं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. दहा शॉटचा बाहेरून ६ मिमी म्हणजे केंद्र ते केंद्र दीड. अशी डबी जपून ठेवा. साडेसातपर्यंत सरावाला चालेल. साडेआठच्या वर गेली तर ती डबी बाजूला. तिन्ही ग्रुपची सरासरी पाहा, सगळ्यात चांगला ग्रुप नव्हे.

पावसाळ्यात कार्डही खोटं बोलतं, हे किनाऱ्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं. ओल धरलेलं कार्ड छऱ्याने कापलं जात नाही, फाटतं. भोकाची कड दोऱ्यासारखी सुटते आणि ग्रुप अर्धा मिमी मोठा मोजला जातो. कार्डांचा गठ्ठा छऱ्यांसारखाच बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि लागतील तेवढीच कार्डं बाहेर काढा.

पहिल्या दोन आलेल्या डब्यांची दुसऱ्या दिवशी पन्नास-पन्नास शॉटची परत गाठ घालून द्या. तेव्हाही तीच पुढे राहिली तर त्याच लॉटची मागणी नोंदवा, लगेच. लॉट संपला की संपला. दिवसाला शंभर शॉट आणि वर्षाला अडीचशे दिवस सराव म्हणजे पंचवीस हजार छर्रे, ५०० च्या पन्नास डब्या. तेवढं एकदम जमत नसेल तर स्पर्धेपुरता चांगला लॉट आणि रोजच्या सरावाला दुय्यम, अशी वाटणी करा. स्पर्धेआधीचा शेवटचा आठवडा मात्र स्पर्धेच्याच छऱ्यावर मारायचा, कारण लॉट बदलला की नेम साइटच्या एखाद-दोन क्लिकने सरकतो.

वजन करून निवडणं

सोनाराच्या काट्यासारखा मिलिग्रॅमचा काटा आणून एकेक छर्रा तोलणारे बरेच आहेत. त्याची किंमत काढू. एका छऱ्याचं वजन ५ मिलिग्रॅमने, म्हणजे एक टक्क्याने जास्त असेल तर वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो. मॅच रायफलचा वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर छर्रा १० मीटर जाईपर्यंत १७-१८ मिमी खाली पडतो. वेग १ मीटरने बदलला की हे पडणं ०.२ मिमीने बदलतं. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या फरकाने दशांश एक गुणही जात नाही. चांगल्या डबीत बहुतेक छर्रे या मर्यादेतच असतात. तासन्‌तास तोलण्यात मला फायदा दिसत नाही. डबीतले पंचवीस-तीस छर्रे तोलून पाहा; १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंतर वारंवार दिसलं तर तो लॉटच नको.

त्यापेक्षा डोळ्यांनी पाहणं जास्त फळतं. छऱ्याची मागची झालर पातळ असते आणि प्रवासात चेपते. ट्रे पांढऱ्या कागदावर घेऊन प्रत्येक छर्रा झालर वर करून बघा: काठ गोल आहे का, आत शिशाचा तुकडा अडकलाय का. संशय आला तर काचेवर लोळवा. चांगला छर्रा डोकं लहान आणि झालर मोठी असल्यामुळे एका वर्तुळात गुळगुळीत फिरतो, चेपलेला लंगडतो. चेपलेल्या झालरीमागून हवा एका बाजूने निसटते आणि तो शॉट ९.८ ला जातो, आणि आपण समजतो ट्रिगर ओढला.

खारी हवा आणि शिसं

तुमचा पावसाळ्यातला घसरलेला स्कोअर बहुधा इथून येतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच येतो. अशा हवेत उघड्या शिशावर पांढरट भुकटी धरते. ती डोक्यावर बसली की माप बदलतं, बॅरलमध्ये खरखरते, आणि ती विषारीही आहे. पांढरा पडलेला छर्रा पुसून वापरायचा नाही, तो कामातून गेला.

ओलाव्याइतकाच त्रास लाकडाचा होतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. लाकूड आणि प्लाय यांतून आम्लाची बारीक वाफ सुटत राहते आणि शिशाला ती लागते. बंद कपाटात तर जास्तच. त्यात कपाट जांभ्याच्या भिंतीला टेकलेलं असेल तर पावसाळाभर त्या भिंतीची ओल आत झिरपते. म्हणून छर्रे लाकडी खणात नकोत, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातही नकोत.

आगोटीच्या आधी आपण मसाले, पापड, सुकी मासळी जशी बंद करतो तसंच छऱ्यांचं करायचं, मे महिन्यात, हवा कोरडी असताना. रबरी कड असलेला पाच लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा, आणि दोन-चारशे रुपयांत मिळणारा छोटा हायग्रोमीटर (ओलावा मोजायचं यंत्र) आत असा टेकवा की काचेतून किंवा पारदर्शक झाकणातून वाचता येईल. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल बदलायची. केशरी खडे हिरवट पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की परत कामाला येतात. निळे खडे घेऊ नका. त्यांत कोबाल्ट असतं, घरात ते नको. डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. छर्रा दातात धरायचा नाही, आणि सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. पोरांना हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

छर्रे धुवायचे का? कोकणात, पावसाळ्यात, माझं उत्तर नाही. कारखान्यातून निघताना त्यांच्यावर जो अगदी पातळ थर असतो तोच त्यांना हवेपासून वाचवतो. साबणाने तो गेला की चार दिवसांत छर्रे मळकट होतात. मग वरून तेल लावावं लागतं आणि तेलाचा थर प्रत्येक छऱ्यावर सारखा बसत नाही, म्हणजे वेग हलतो.

रायफललाही हेच लागू. फोमची पेटी ही दमट दिवसांतली गंजाची पेटी असते. सराव झाला की बॅरलमधून ब्रीचकडून (छर्रा भरायच्या मागच्या टोकाकडून) दोन कोरडे फेल्ट, मग तटस्थ तेलाचा एक थेंब घेतलेला एक फेल्ट, आणि रायफल पेटीबाहेर, वारा लागेल अशी पण कुलपात ठेवा. दुसऱ्या दिवशी मारण्याआधी दोन कोरडे फेल्ट आणि पाच-दहा शॉट, मगच नेम बघायचा. तेलकट बॅरलचे पहिले शॉट वर-खाली जातात, तेव्हा साइटला हात लावू नका.

सिलिंडरमधलं पाणी

प्री-चार्ज्ड रायफल, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, हातपंपाने भरत असाल तर हा भाग दोनदा वाचा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के ओलावा असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पाव लिटरचं सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायला ५० लिटर हवा लागते. म्हणजे एका भरणीत पंपाच्या तोंडातून सव्वा ग्रॅम पाणी आत जातं. एवढ्या दाबाखाली त्या पाव लिटर जागेत वाफ म्हणून राहू शकतं ते एक शतांश ग्रॅमच्याही खाली. बाकी सगळं थेंब होतं. काही पंपाच्या निचऱ्यातून बाहेर पडतं, उरलेलं सिलिंडरात आणि तिथून रेग्युलेटरात, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, जातं. तिथे ते सील आणि स्प्रिंगवर बसतं आणि दाब सरकायला लागतो. लक्षण ओळखायचं असं: रायफल पाच मिनिटं ठेवून मारलेला पहिला शॉट वर जातो, पुढचे नीट बसतात. क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर दहा शॉट मोजा. चांगली रायफल सेकंदाला ३-४ मीटरच्या फरकाच्या आत राहते. ५ मीटरचा फरक म्हणजे १ मिमी, म्हणजे चार दशांश. अशा रायफलवर लॉट तपासणं व्यर्थ आहे. आधी रेग्युलेटर दुरुस्त करून घ्या.

उपाय किनाऱ्यावरच आहे. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग चालतं, आणि डायव्हिंगच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर श्वासासाठी हवा गाळून, कोरडी करून देतो. स्कूबाची टाकी साधारण २०० बारची असते. योग्य अडॅप्टर लावून तिच्यातून रायफलचं सिलिंडर भरता येतं, क्लबने मिळून एक टाकी ठेवली तर सगळ्यांचं काम होतं. टाकीच्या पाण्याच्या दाबाच्या चाचणीची तारीख मुदतीत आहे ना ते तिच्या गळ्यावर बघा. पंपच वापरायचा तर दर पन्नास-साठ दट्ट्यांनंतर थांबून निचरा सोडा, पंप गार होऊ द्या, आणि जमल्यास एसीच्या खोलीत भरा. भरणी सावकाश करा. घाईत भरलं की हवा तापते आणि गार झाल्यावर काटा खाली येतो.

वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही, कोणत्याही परिस्थितीत रायफलच्या सिलिंडरात भरायचा नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि आतलं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. रायफलच्या सिलिंडरवर छापलेली वापराची मुदत, अ‍ॅल्युमिनियमला बहुधा दहा वर्षं, संपली असेल तर ते स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये.

.२२ बद्दल

तत्त्व तेच, फक्त अंतर ५० मीटर आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. मॅच काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली, सेकंदाला ३२०-३३० मीटर ठेवलेला. गोळी ५० मीटरला बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते, म्हणून वेगातला ३ मीटरचा फरकसुद्धा टार्गेटवर दोन मिलिमीटरच्या वर उभा फरक पाडतो. इथे ग्रुप गोल आहे की उभा लांबट आहे ते मुद्दाम बघा: सतत उभाच येत असेल तर त्या लॉटचा वेग हलतोय, आडवा येत असेल तर तो वाऱ्याचा. समुद्रावरचं वारं दुपारी वाढतं, म्हणून लॉट तपासणी सकाळी लवकर उरका. दहा शॉटचे चार ग्रुप, लॉट बदलल्यावर दहा काडतुसं सोडून द्यायची, कारण प्रत्येक ब्रँडचं वंगण वेगळं असतं आणि बॅरलमध्ये त्याचा थर बसायला तेवढे शॉट लागतात. काडतुसं क्लबमार्फतच घ्यायची आणि क्लबच्याच कपाटात ठेवायची असतील तर सिलिका जेलचा डबा तिथे न्या. गोळीवरच्या त्या मेणासारख्या वंगणाला उन्हात ठेवलेल्या गाडीची डिकी सोसत नाही. मेण पातळ होऊन एका बाजूला उतरतं.

वही ठेवा. प्रत्येक ओळीत तारीख, ब्रँड, माप, लॉट क्रमांक, ग्रुपचं माप, हायग्रोमीटरचा आकडा, सिलिंडरचा दाब, आणि बॅरल शेवटचं कधी पुसलं ते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास जुन्या लॉटचे तीन ग्रुप परत काढा आणि मे महिन्यातल्या आकड्यांशेजारी लिहा. छर्रे ठीक राहिले असतील तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतील. ग्रुप मोठा झाला असेल तर त्याच लॉटची न उघडलेली डबी काढून तिचे तीन ग्रुप काढा. ती चांगली लागली तर दोष साठवणीचा, तीही वाईट लागली तर रायफलचा.